बाकी सगळे चालते, फक्त सामनाच अडकतो: केबलशिवाय विश्वचषक पाहताना येणारे बिघाड आणि त्यांचे निवारण

केबल किंवा डिश बंद करून केवळ इंटरनेटवर फुटबॉलचा विश्वचषक पाहणाऱ्या घरांतून प्रत्येक स्पर्धेत एकच तक्रार येते: चित्रपट चालतो, गाणी चालतात, सामना लावला की मात्र पडद्यावर चक्र फिरू लागते. कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि विश्वचषकाच्या काळात चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्यामुळे घरच्या टीव्हीपासून मंडळाच्या मोठ्या पडद्यापर्यंत ही तक्रार सोडवण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते. बहुतेक वेळा दोष बाहेरच्या वायरीत नसतो, घरातच असतो, आणि एकही रुपया खर्च न करता सापडतो. मात्र त्यासाठी तपासणीचा क्रम पाळावा लागतो.

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालतो आणि थेट सामना अडकतो, याचे कारण आधी समजून घेतले पाहिजे. चित्रपट पाहताना ॲप पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे मध्येच अर्धा मिनिट इंटरनेट मंदावले तरी आपल्याला ते कळतही नाही. सामन्याचा पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येते, हाताशी साठा थोडा असतो, आणि एखादा तुकडा वेळेवर पोहोचला नाही की ॲप आधी चित्राचा दर्जा खाली आणते व तरीही भागले नाही तर थांबते. म्हणजे वाय-फायमधील जो दोष वर्षभर लपून राहिलेला असतो, तो सामन्याच्या रात्री उघडा पडतो. म्हणूनच स्पर्धेआधी जोडणी तपासायची असेल तर ती चित्रपट लावून तपासू नये. एखादी वृत्तवाहिनी थेट लावून तासभर चालू ठेवावी.

लक्षणे ओळखा

पहिले आणि सर्वाधिक आढळणारे लक्षण असे, की चित्र आधी धूसर होते, खेळाडूंच्या पाठीवरचे क्रमांक दिसेनासे होतात, मग चक्र फिरते आणि थोड्या वेळाने सामना पुन्हा सुरू होतो. येथे जोडणी तुटलेली नसते, ती अस्थिर असते. दोष वाय-फायमध्ये, घरातील इतर उपकरणांच्या वापरात किंवा क्वचित बाहेरच्या लाइनमध्ये असतो.

दुसरे लक्षण वेगळे आहे: पहिले सत्र सुरेख दिसते, चाळीस-पन्नास मिनिटांनी चित्र अचानक थांबते आणि काहीही केले तरी सुधारत नाही. हा जवळजवळ नेहमीच मोबाइलचा रोजचा डेटा संपल्याचा परिणाम असतो.

आवाज नीट येतो पण पडदा काळा राहतो, हे तिसरे. त्याचा इंटरनेटच्या वेगाशी काहीही संबंध नाही. चौथ्या प्रकारात टीव्हीवरील ॲप ‘नेटवर्क एरर’ दाखवते किंवा आपोआप बंद पडते, पण त्याच वाय-फायवर फोन व्यवस्थित चालतो. येथे दोष टीव्हीत किंवा त्याला लावलेल्या स्टिकमध्ये (एचडीएमआयमध्ये खोचून ॲप चालवणाऱ्या छोट्या उपकरणात) असतो. पाचव्या प्रकारात ‘आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ किंवा ‘एकाच वेळी जास्त उपकरणे’ असा स्पष्ट संदेश येतो, आणि तो खात्याविषयी असतो.

शेजारच्या घरात गोलचा जल्लोष आधी होतो आणि आपल्याकडे चेंडू अजून मध्यरेषेवरच असतो, या गोष्टीलाही अनेकजण बिघाड समजतात. तो बिघाड नाही. तुकडे तयार होणे, वेगवेगळ्या दर्जांत रूपांतरित होणे आणि वाटेत साठवले जाणे यांत इंटरनेटवरील चित्र डिशपेक्षा काही सेकंद, प्रसंगी अर्धा मिनिट मागे राहते. एवढेच पाहावे, की मध्येच थांबवून पुन्हा सुरू केल्यामुळे आपण आणखी मागे पडलो आहोत का. तसे असेल तर पडद्यावरील ‘लाइव्ह’ हे बटण दाबले की चित्र शक्य तितके पुढे येते.

विनाखर्च तपासण्या

सर्वांत आधी, आपण योग्य ॲपमध्ये आहोत का हे पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटते, पण भारतात प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक हात बदलतात. २०१८ चा विश्वचषक सोनीच्या ॲपवर होता. २०२२ चा कतारमधील विश्वचषक जिओसिनेमावर विनामूल्य दिसला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झाले. त्यामुळे मागच्या विश्वचषकासाठी टीव्हीवर घेतलेले ॲप पुढच्या विश्वचषकाला उपयोगी पडेलच असे नाही. युरो आणि कोपा अमेरिका यांचे हक्क विश्वचषकापासून वेगळे विकले जातात, हेही लक्षात ठेवावे. त्या-त्या स्पर्धेच्या हक्कधारकाने केलेली घोषणा पाहून, सामन्याच्या आदल्या दिवशीच ॲप घ्यावे, खात्यात प्रवेश करावा आणि वर्गणी त्याच मोबाइल क्रमांकावर आहे ना याची खात्री करावी. वडिलांच्या क्रमांकावर वर्गणी भरलेली आणि टीव्हीवर मुलाच्या क्रमांकाने प्रवेश केलेला, असे अनेक घरांत आढळते. उपकरणांची मर्यादा संपल्याचा संदेश आला तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या फोनवरील व नातेवाइकांच्या घरच्या टीव्हीवरील प्रवेश रद्द करावा.

परदेशातील मराठी कुटुंबांना येणारी अडचण याच जातीची आहे. हक्क देशानुसार विकले जात असल्याने पुण्यात घेतलेली वर्गणी न्यू जर्सीत चालत नाही; अमेरिकेत २०२६ च्या विश्वचषकाचे इंग्रजी हक्क फॉक्सकडे आणि स्पॅनिश हक्क टेलिमुंडोकडे आहेत, तेव्हा तेथील सेवाच घ्यावी लागते. भारतात असूनही ‘प्रदेशात उपलब्ध नाही’ असे दिसत असेल तर फोनवर किंवा राउटरवर व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) चालू राहिले आहे का ते पाहून ते बंद करावे. व्हीपीएनमुळे चित्र लांबच्या वाटेने येते, म्हणून ते वेगासाठीही घातकच.

त्यानंतर दोष आपल्याकडे आहे की सेवेकडे, हे ठरवावे. टीव्ही अडकलेला असतानाच फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर त्याच ॲपमध्ये तोच सामना लावावा. दोन्हीकडे अडकत असेल तर दोष बहुधा सेवेच्या बाजूला आहे आणि राउटरला हात लावण्यात अर्थ नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी कतार विरुद्ध इक्वेडोर या उद्घाटनाच्या सामन्यात देशभरातील प्रेक्षकांनी चित्र अडकत असल्याच्या तक्रारी केल्या होत्या. अशा वेळी चित्राचा दर्जा ‘ऑटो’वरून एक-दोन पायऱ्या खाली आणून ठेवणे आणि वाट पाहणे, एवढेच आपल्या हातात असते. फोनवर सामना नीट चालत असेल तर मात्र दोष घरात किंवा घराच्या लाइनमध्ये आहे, आणि पुढील तपासण्या कराव्यात.

उपकरणे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सगळेच देतात, पण तो नीट पाळला जात नाही. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो. त्याची स्मृती रिकामी होत नाही. भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबावे. मग आधी फायबरची डबी (बाहेरून आलेली फायबरची वायर जिला जोडलेली असते ती) चालू करावी, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, आणि शेवटी टीव्ही. सगळे एकदम चालू केले तर टीव्ही राउटर तयार होण्याआधीच जोडणी शोधून थकतो आणि चुकीचा संदेश दाखवत राहतो.

‘नेटवर्क एरर’ येत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ पाहावी. लाइट जाऊन आल्यानंतर काही टीव्हींचे आणि स्वस्त अँड्रॉइड बॉक्सचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो त्याची मुदत उपकरण स्वतःच्या घड्याळानुसार तपासते. घड्याळ चुकले की खरे प्रमाणपत्रही अवैध ठरते आणि इंटरनेट असूनही ॲप जोडले जात नाही. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की हा दोष मिनिटभरात जातो. त्याबरोबरच टीव्हीतील साठवणूक पाहावी, न वापरलेली ॲप काढावीत, ॲपचा कॅशे (तात्पुरता साठा) पुसावा आणि ॲप अद्ययावत करावे. हे सर्व आदल्या दिवशी करावे. सामना सुरू होण्याच्या क्षणी अद्ययावत करण्याचा संदेश आला तर राष्ट्रगीते हमखास हुकतात.

डेटाचा हिशेब

घरात ब्रॉडबँड नसेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालत असेल तर हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. चांगल्या दर्जाच्या चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात असे धरले, तर तासाला सव्वादोन जीबी खर्च होतात. रोजचा दीड जीबी डेटा या दराने बरोबर ४० मिनिटांत संपतो आणि दोन जीबी सुमारे ५३ मिनिटांत, म्हणजे मध्यंतराच्या आसपास. त्यानंतर वेग सामान्यतः ६४ केबीपीएसवर येतो, ज्यावर निरोप जातील पण चित्र दिसणार नाही. विश्रांतीसह साधा सामना दोन तासांचा असतो. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी धरून तीन तास गृहीत धरावेत, म्हणजे पावणेसात जीबी. १८ डिसेंबर २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम लढत ३-३ अशी बरोबरीत राहून पेनल्टीवर ४-२ अशी सुटली. नव्वद मिनिटांपुरता डेटा ठेवणाऱ्यांच्या हाती तिचा शेवट लागला नसता.

काही योजनांत ५जीवर अमर्याद डेटा मिळतो. परंतु जाड भिंतींच्या घरात फोन नकळत ४जीवर उतरतो आणि तेथे रोजची मर्यादा लागू होते. म्हणून फोन खिडकीजवळ ठेवावा आणि वरच्या पट्टीत ५जीचे चिन्ह टिकून आहे का ते पाहत राहावे. मध्यरात्रीनंतर सुरू होणारा सामना नव्या दिवसाच्या डेट्यात मोजला जातो, पण तो दिवसभराचा वाटा आहे हे विसरू नये. दर्जा ७२०पी किंवा ४८०पीवर ठेवला तर खर्च बराच कमी होतो, आणि फोनच्या लहान पडद्यावर त्याने विशेष फरक पडत नाही.

घरातील गर्दी आणि वाय-फाय

ब्रॉडबँड असलेल्या घरांत मला सर्वाधिक दोष याच टप्प्यावर सापडले आहेत. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथील २०२६ च्या विश्वचषकाचा कालखंड ११ जून ते १९ जुलै असून उद्घाटनाचा आणि अंतिम सामना या दोन्हींची भारतीय वेळ मध्यरात्री साडेबाराची आहे. नेमक्या याच वेळी घरातील सगळे फोन चार्जिंगला लागलेले असतात. चार्जिंग आणि वाय-फाय दोन्ही मिळाले की दिवसभराचे फोटो व व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात, ॲप अद्ययावत होतात, लॅपटॉपही आपली कामे उरकतो. चढवण्याची वाट भरून गेली की उतरवण्याच्या मागण्याही वेळेवर बाहेर पडत नाहीत, आणि सामना अडकतो. सामन्यापुरते इतर फोनांचे वाय-फाय बंद ठेवावे. केवळ एवढ्याने अनेक घरांतील तक्रार मिटते.

मग राउटरची जागा पाहावी. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, दिवाणखान्यातील शोकेसमध्ये किंवा जिन्याखाली ठेवलेला राउटर आपली निम्मी शक्ती तेथेच घालवतो. तो उघड्यावर, छातीच्या उंचीवर आणि टीव्हीच्या शक्य तितक्या जवळ असावा. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे देतात. पहिला भिंतींतून चांगला जातो, पण इमारतीतील सगळ्यांचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गर्दी करतात. दुसरा मोकळा आणि वेगवान आहे, पण एका जाड भिंतीपलीकडे क्षीण होतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवरच जोडावा. दगडी किंवा जुन्या विटांच्या वाड्यात मधे दोन भिंती असतील तर २.४ वर राहून राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे निवडावे, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

या सगळ्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. काही शे रुपयांची कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ ओढली की वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. टीव्हीचे लॅनचे भोक बहुधा १०० एमबीपीएसचेच असते, आणि वाय-फायवर वेगचाचणीचा आकडा याहून मोठा येतो म्हणून लोक केबल नको म्हणतात. परंतु सामन्याला ५ ते ८ एमबीपीएस पुरतात, आणि ते तीन तास अखंड मिळणे हेच महत्त्वाचे असते. निदानासाठीही केबल अमूल्य आहे: केबलवर चित्र सुरळीत झाले तर दोष वाय-फायमध्ये होता, केबलवरही अडकले तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. शक्यतो तयार टोकांची केबल घ्यावी. घाईत हाताने क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) टोकातील एखादी तार सैल राहिली तर जोडणी कमी वेगावर उतरते किंवा सारखी तुटते, आणि मग नवीनच कोडे उभे राहते.

वेगचाचणी करायची ती सामना चालू असताना आणि शक्य तर टीव्हीवरच करावी. दुपारी तीन वाजता फोनवर काढलेला आकडा रात्रीच्या टीव्हीविषयी काही सांगत नाही. शिवाय चाचणीचा सर्व्हर पुष्कळदा आपल्याच ब्रॉडबँडवाल्याच्या शहरात असतो, त्यामुळे आकडा चांगला येतो आणि सामना तरीही अडकतो. अशा वेळी लॅपटॉप केबलने जोडून पिंगची आज्ञा (एखाद्या सर्व्हरला सतत छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणारी) दहा मिनिटे चालू ठेवावी आणि किती पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, हरवली ते पाहावे. एकही हरवू नये ही अपेक्षा. शेकडा दोन-तीन हरवत असतील तर त्या निकालाचा फोटो काढून ठेवावा. तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो. राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलण्याचा सल्लाही लोक देतात. ॲप उघडायलाच फार वेळ लागत असेल तर तो करून पाहावा. एकदा सुरू झालेल्या सामन्याच्या अडकण्यावर त्याचा क्वचितच उपयोग होतो.

आवाज येतो, चित्र नाही

तालमीत, सोसायटीच्या गच्चीवर किंवा मंडळाच्या मांडवात प्रोजेक्टर लावला की ही अडचण ठरलेली असते. सामन्याचे चित्र कूटबद्ध असते आणि एचडीएमआयच्या दोन्ही टोकांची उपकरणे एचडीसीपी ही संरक्षणपद्धत मानतात याची खात्री झाल्याशिवाय ते पडद्यावर दिले जात नाही. जुना प्रोजेक्टर व्हीजीएचा असेल, मध्ये एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर असेल किंवा एकाचे दोन करणारा स्वस्त स्प्लिटर असेल, तर ही साखळी तुटते आणि आवाज येऊनही पडदा काळा राहतो. इंटरनेटचा प्लॅन वाढवून यात काडीचाही फरक पडत नाही. मधली सगळी उपकरणे काढून स्टिक थेट प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये लावावी आणि आवाजासाठी प्रोजेक्टरच्या ऑडिओ जॅकमधून स्पीकरला वायर द्यावी. एचडीएमआय नसलेल्या प्रोजेक्टरवर संरक्षित सामना दिसणार नाही, हे मान्य करून दुसरा प्रोजेक्टर भाड्याने आणलेला बरा. सार्वजनिक ठिकाणी सामना दाखवण्याची परवानगी घरगुती वर्गणीत धरलेली नसते, तेव्हा मंडळांनी हक्कधारकाकडे आधी विचारणा करावी.

फोनचा पडदा टीव्हीवर उमटवणे आणि ॲपमधील कास्टचे चिन्ह दाबणे, हे दोन वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात फोन चित्र उतरवतो आणि पुन्हा वाय-फायवरून टीव्हीला पाठवतो, म्हणजे हवेतील वाहतूक दुप्पट होते. शिवाय अनेक ॲप असे उमटवणे संरक्षणासाठी रोखतात. दुसऱ्यात फोन केवळ आज्ञा देतो आणि टीव्ही स्वतः चित्र उतरवतो. नेहमी दुसरा मार्ग वापरावा.

वेग भरपूर असूनही चित्र कधीच स्वच्छ होत नसेल, तर बॉक्सला वाइडवाइन या गूगलच्या चित्रसंरक्षण पद्धतीचे एल१ (सर्वांत वरच्या पातळीचे) प्रमाणन आहे का ते पाहावे. बिननावाच्या स्वस्त बॉक्समध्ये बहुधा एल३ असते आणि त्यावर बहुतेक सेवा कमी दर्जाचेच चित्र देतात. तो बॉक्स बदलण्याखेरीज उपाय नाही.

पाऊस आणि लाइट

जून-जुलैतील स्पर्धा म्हणजे महाराष्ट्रात आणि गोव्यात ऐन पावसाळ्यातील स्पर्धा. फायबरच्या काचेला पावसाने काही होत नाही. पण सांध्याच्या पेटीत पाणी शिरते, फांदी पडून वायर ओढली जाते, वाऱ्याने ती तीव्र कोनात वाकते आणि प्रकाश क्षीण होतो. फायबरच्या डबीवर ‘लॉस’ असे लिहिलेला लाल दिवा लागला किंवा ‘पॉन’चा दिवा लुकलुकत राहिला, तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. घरातील पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाखाली दबली आहे का, खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली आहे का, एवढे पाहून ती हळुवार मोकळी करावी. याहून पुढे जाऊ नये.

लाइट जाण्याचा बंदोबस्त मात्र आपल्या हातात आहे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेताना डबी आणि राउटर यांच्या अडॅप्टरवरील आकडे वाचावेत. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचे असतात आणि चुकीच्या व्होल्टने उपकरण जळू शकते. अँपिअरची क्षमता अडॅप्टरइतकी किंवा त्याहून अधिक असावी. टीव्ही इन्व्हर्टरवर असेल पण डबी नसेल, तर त्या इन्व्हर्टरचा सामन्यासाठी उपयोग नाही, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. घरापर्यंत फायबर आलेले असेल तर वाटेतील विभाजकाला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या पेटीला) वीज लागत नाही, त्यामुळे पेठेतील लाइट गेली तरी बहुधा इंटरनेट चालू राहते. इमारतीच्या जिन्यातील स्विचमधून तांब्याची लॅन केबल आली असेल, तर त्या स्विचची वीज गेली की आपल्या यूपीएसचा उपयोग नाही. तेव्हा त्या स्विचलाही बॅकअप द्यावा अशी मागणी सोसायटीने मिळून करावी. विजा कडाडू लागण्याआधीच अशी तांब्याची केबल राउटरमधून काढून ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण तिच्यातून आलेला झटका राउटरबरोबर टीव्हीचे भोकही जाळतो. सामना बुडेल, पण उपकरणे वाचतील.

हे करू नये

सामना अडकला की घाबऱ्या मनाने माणूस टेलिग्रामवरची ‘फ्री लाइव्ह’ लिंक उघडतो किंवा कोणीतरी पाठवलेली एपीके फाइल (ॲप-स्टोअरबाहेरून बसवायचे अँड्रॉइड ॲप) टीव्हीत किंवा फोनमध्ये घालतो. अशा फाइलींतून संदेश वाचणारी आणि पडदा दूरून पाहणारी ॲप फोनमध्ये शिरतात, आणि त्याच फोनवर आपले यूपीआय असते. तितकाच मोठा धोका मध्यरात्री इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधण्यात आहे. फसव्या लोकांनी ठेवलेले क्रमांक शोधात वर येतात. पलीकडचा माणूस परतावा देतो म्हणून एखादे ॲप घ्यायला लावतो आणि खाते रिकामे करतो. क्रमांक फक्त ॲपमधून, बिलावरून किंवा सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

थांबून जाणकाराला कधी बोलवावे

लाल दिवा कायम असेल तर ब्रॉडबँडवाल्याच्या माणसालाच बोलवावे. फायबरचे हिरवे टोक स्वतः काढू नये. त्यावर धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो. उघड्या टोकात कधीही डोकावून पाहू नये, कारण आतील लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगावे. तुटून लोंबणारी वायर रस्त्यावर किंवा महावितरणच्या खांबावर असेल तर शिडी लावून चढू नये; पावसात ती विजेच्या तारेला टेकलेली असू शकते, आणि कोणत्याही सामन्यासाठी तो धोका पत्करण्यासारखा नाही.

टीव्हीच्या धातूच्या भागाला, केबलच्या टोकाला किंवा प्रोजेक्टरला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तेथेच सगळे बंद करून वायरमनला बोलवावे. बहुधा अर्थिंग नसते किंवा तुटलेले असते. मांडवात ओल्या जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवून प्रोजेक्टर आणि स्पीकर चालवणाऱ्या मंडळांनी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय प्रक्षेपण सुरूच करू नये. अडॅप्टर हाताला चटका देण्याइतका तापत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो पुन्हा लावून पाहू नये.

केबलने जोडूनही पॅकेट हरवत असतील आणि मोबाइल डेटावर तोच सामना चालत असेल, तर दोष लाइनमध्ये आहे आणि घरात आणखी खटपट करून उपयोग नाही. ब्रॉडबँडवाल्याकडे तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगू नये. किती वाजता अडकले, केबलवर अडकले की वाय-फायवर, डबीवरचे कोणते दिवे कसे होते आणि पिंगचा निकाल काय, हे सांगावे. माणूस आला की त्याला मीटर लावून प्रकाशाची पातळी मोजायला सांगावी. ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान असावी, आणि उणे २७ च्या पलीकडे गेली असेल तर केवळ राउटर बदलून तो निघून जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर तोच क्रमांक देऊन कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. वर्गणीचे पैसे कापूनही सामना दिसला नसेल आणि सेवा परतावा देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर तक्रार करता येते. लाइनची तक्रार मात्र गटसाखळीतच करावी, कारण सांधा उघडून पुन्हा जोडायला पावसात दोन-तीन दिवस जातात आणि बाद फेरीचे सामने त्यासाठी थांबत नाहीत.